झेंडा कोणाच्या दारात

पालघरच्या हुतात्मा स्तंभाशी जोडलेली नावं पाच आहेत. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि खुद्द पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तेवारी. १४ ऑगस्ट १९४२ ला तिरंगा घेऊन मामलेदार कचेरीकडे निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात हे पाच जण गेले. नावांच्या जोडीने गावं वाचली की जुना तालुकाच डोळ्यांपुढे येतो. सातपाटी म्हणजे कोळीवाडा आणि पापलेटचं बंदर. मुरबं खाडीच्या पलीकडे. तिथल्या माणसाने होडीने सातपाटीला उतरायचं आणि मग पालघरची वाट धरायची. नांदगाव किनाऱ्याकडचं. सालवड बोईसरला लागून, तेव्हा भातशेतीचं गाव, आज तारापूर एमआयडीसीच्या कारखान्यांच्या गराड्यात सापडलेलं. पाचातलं फक्त एक नाव पालघर गावातलं. बाकीचे चौघे बाहेरगावाहून आले होते, आणि आले होते ते कचेरीपाशी.

कचेरीच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. इंग्रजांच्या जुन्या दप्तरात हा तालुका माहीमचा, म्हणजे केळवे-माहीमचा. रेल्वे आली, पालघरला स्टेशन झालं आणि यथावकाश तालुक्याचा कारभार रुळांच्या कडेला आला. गावकऱ्याला व्हाइसरॉय कधी दिसत नसे, गव्हर्नरही नाही. त्याच्यासाठी सरकार म्हणजे मामलेदार. साऱ्याची पावती तिथे, जमिनीचा उतारा तिथे, जप्तीचा हुकूम तिथून, कैदेत टाकायची कोठडीही तिथेच. त्या इमारतीवर चरख्याचा तिरंगा लावायचा म्हणजे हे सगळं आमचं आहे असं त्याच अंगणात उभं राहून सांगायचं. इंग्रज अंमलदाराला ते नेमकं कळत होतं. घरातल्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या तिरंग्याचं त्याला फारसं सोयरसुतक नव्हतं.

झेंडा कुठवर न्यायचा यावरचं भांडण तोवर वीसेक वर्षं जुनं झालं होतं. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला तो एका रस्त्यावरून. शहरात झेंडा मिरवला तर सरकार कानाडोळा करायचं. पण सिव्हिल लाइन्स, म्हणजे जिथे साहेबांचे बंगले होते, तिथून मिरवणूक न्यायला मनाई. १ मे पासून रोज तुकड्या निघाल्या, रोज पकडल्या गेल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. दीड हजारावर लोकांनी कैद भोगली आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्या रस्त्यावरून गेली. एवढ्या लोकांनी तुरुंग पत्करला तो चार बंगल्यांपुढून एक कापड नेण्यासाठी, असं कोणी म्हणेल. त्या बंगल्यांतल्या माणसांनी तरी ते चार बंगल्यांपुरतं मानलं नव्हतं.

१९४२ मध्ये मुंबईपासून पालघरपर्यंत बातमी यायला वेळ लागत नव्हता. गवालिया टँकवरचा 'चले जाव'चा ठराव ८ ऑगस्टच्या रात्रीचा, पुढाऱ्यांची धरपकड ९ च्या पहाटेची, आणि बी.बी.सी.आय. रेल्वेच्या गाड्या दिवसभर इकडून तिकडे धावणाऱ्या. पुढे काय करायचं हे सांगणारे सगळे आत होते. मग देशभर तालुक्या-तालुक्यांत लोकांनी आपापल्या समजुतीने जवळची सरकारी इमारत निवडली: कुठे पोलीस ठाणं, कुठे टपाल कचेरी, कुठे स्टेशन. पालघरने कचेरी निवडली.

पंचांग उघडून पाहिलं तर तो दिवस शुक्रवार. श्रावण आदल्या दिवशी, गुरुवारी लागला होता, त्यामुळे १४ ऑगस्ट हा त्या साली श्रावणातला पहिला शुक्रवार. आपल्याकडे घरोघरी या दिवशी जिवतीचा कागद भिंतीला लावतात, दूर्वा-आघाड्याची माळ घालतात, पुरणाचे दिवे करून लेकरांना ओवाळतात. मूल परगावी असलं तर आई चारी दिशांना अक्षता टाकते. त्या पाच घरांत त्या दिवशी काय झालं असेल, याची कल्पना रंगवायचा अधिकार मला नाही. पण पालघरला १४ ऑगस्ट म्हणजे 'हुतात्मा दिन' एवढंच म्हटलं जातं, आणि तो दिवस लेकरांच्या आयुष्यासाठी पुजलेला होता हे कुणाच्या बोलण्यात येत नाही. नारळी पौर्णिमेला अजून बारा दिवस होते. पावसाळ्याच्या त्या दिवसांत सातपाटीच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असणार आणि दर्यावर जाणारे हात मोकळे.

पुढच्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती असेच झेंड्याच्या मिरवणुकीत गोळ्यांना बळी पडले. तिथली मुलं तर शाळकरी. शिरीषकुमारचं नाव पाठ्यपुस्तकामुळे राज्यभर पोचलं. पालघरचे पाच जण मात्र पालघरचेच राहिले. विरार ओलांडून मुंबईकडे गेलं की ही नावं ओळखणारा माणूस अवघडच मिळतो.

१४ ऑगस्टच्या भाषणांत ही हकीगत इथे संपते आणि लगेच १९४७ चा सूर्य उगवतो. मधली पाच वर्षं वगळली तर गोष्ट सुटसुटीत होते खरी. पण याच जिल्ह्यात, रेल्वेच्या रुळांपासून पूर्वेला जंगलपट्टीत, त्या पाच वर्षांत दुसऱ्या एका झेंड्यासाठी माणसं मेली. तो लाल होता.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले उंबरगाव आणि डहाणू हे तालुके वारली आदिवासींचे. जमीन एकेकाळी त्यांची. कर्ज, दारू आणि कोर्टाचे कागद यांच्या वाटेने ती जमीनदार-सावकारांकडे गेलेली. मग त्याच जमिनीवर वारली कूळ म्हणून राबायचा आणि वर वेठ द्यायचा. मालकाच्या शेतात फुकट नांगर, घरात फुकट पाणी, बाजाराला जाताना डोक्यावर फुकट ओझं. याहून वाईट प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी मालकाकडून थोडे रुपये उचलायचे आणि त्यांची फेड म्हणून नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. फेड कधी संपायची नाही. हे कुणा क्रांतिकारकाच्या पत्रकापुरतं नव्हतं. मुंबई सरकारने नेमलेले आय.सी.एस. अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाअखेरीस आदिवासी भागांची पाहणी करून दिलेल्या अहवालात ही गुलामी नोंदवून ठेवली होती. अहवाल फडताळात गेला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगावकडचे काही वारली गेले होते. परत येताना त्यांनी ऐकलेलं बरोबर आणलं आणि लाल बावटा बरोबर आणला. २३ मे १९४५ ला झरी या गावी सभा झाली. हजारो वारली जमले आणि ठरलं की वेठ द्यायची नाही, फुकट राबायचं नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत बावटा घेतलेल्या मिरवणुका गावोगाव फिरल्या आणि मालकांच्या वाड्यांवरून लग्नगड्यांना सोडवून आणू लागल्या. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो. कायदा बदलला नव्हता, कोर्टाचा निकाल नव्हता, एकाही कागदावर सही झाली नव्हती. माणसांचा एक घोळका दारात आला, त्यांच्या पुढे काठीला बांधलेलं लाल फडकं होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी त्या दारातून उठून घोळक्याबरोबर चालायला लागली. मालकांना या फडक्याची जी धास्ती बसली ती उगाच नाही.

या चळवळीच्या पुढे गोदावरी आणि शामराव परुळेकर होते. गोदावरीबाई पुण्याच्या गोखल्यांच्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, आधी भारत सेवक समाजात काम केलेल्या. त्यांचा जन्म १४ ऑगस्टचा, १९०७ सालचा. म्हणजे पालघरला गोळीबार झाला त्या दिवशी त्यांना पस्तीस वर्षं पुरी झाली. योगायोगच, पण त्यात एक काटा आहे. १९४२ च्या लढ्याला लाल बावट्याच्या कम्युनिस्ट पक्षाचा विरोध होता. रशिया युद्धात उतरल्यावर हे युद्ध लोकयुद्ध ठरलं आणि 'चले जाव' चुकीचं ठरलं. लाल झेंड्याच्या भक्तांना हे आठवलेलं आवडत नाही, जसं तिरंग्याच्या भक्तांना पुढे यायचंय ते आवडत नाही. किनाऱ्यावरचा तरुण ज्या झेंड्यासाठी मेला, त्याच्या त्या घडीच्या लढाईला जंगलातल्या झेंड्याच्या पक्षाची साथ नव्हती. तरीही तीन वर्षांत जंगलातला झेंडा जे करत होता ते किनाऱ्यावरच्या झेंड्याने तिथे केलेलं नव्हतं. दोन्ही खरं आहे.

ऑक्टोबर १९४५. गवताचा हंगाम. या पट्ट्यातलं गवत कापून, दाबून, रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना जायचं. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, नाहीतर विळा उचलणार नाही, असं वारल्यांनी सांगितलं. उभं गवत वाळत होतं आणि मालकांचा जीव वरखाली. मग आवई उठवली गेली: गोदावरीबाईंची सभा आहे, सगळ्यांनी काठ्या घेऊन तलवाड्याला जमा. इकडे पोलिसांना कळवलं गेलं की आदिवासी हत्यारं घेऊन दंग्याला जमताहेत. बाईंनी सभा बोलावलेलीच नव्हती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या त्या गर्दीवर गोळीबार झाला. पाच जण मेले, त्यात जेठ्या गांगड. गोदावरीबाईंनी हे सगळं पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. पुस्तक १९७० मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तलासरी-डहाणूकडे १० ऑक्टोबर आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात.

तलवाड्याला गोळ्या घालणारं सरकार गोऱ्यांचं होतं, हे म्हणून सुटता येतं. एप्रिल १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ पुन्हा आलं. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. खेरांना आदिवासींबद्दल कळवळा होता, त्यांच्या सेवेसाठी त्यांनी आधीपासून काम केलं होतं. तो कळवळा खोटा म्हणायचं कारण नाही. पण जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप झाला तेव्हा त्यांच्या सरकारने तेच केलं जे आधीच्याने केलं असतं: सभाबंदी, धरपकड, परुळेकरांना जिल्ह्याबाहेर. ७ जानेवारी १९४७ ला पालघर तालुक्यातल्या नानिवलीला पोलिसांनी पुन्हा आदिवासींवर गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. तालुका तोच, कचेरी तीच. १९४२ ला जो झेंडा कचेरीवर लावू पाहणारे पाच जण मेले, त्या झेंड्याचा पक्ष आता मुंबईच्या सचिवालयात होता, आणि गोळी खाणारे त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं कापड धरून उभे होते. मधे साडेचार वर्षंही गेली नव्हती.

झेंड्यांवरून वाद होतो तेव्हा माणसं कापडाचा अर्थ शोधत बसतात. अमेरिकेच्या दक्षिणेत असाच एक वाद शाळेच्या फुटबॉल मैदानावर पोचला. तिथे शाळांचे सामने शुक्रवारी रात्री होतात आणि अख्खं गाव बाकांवर असतं. १८६१ ते १८६५ च्या यादवीत गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा रणझेंडा, लाल जमिनीवर निळी फुली आणि तारे, तिथल्या कित्येक शाळांनी आपल्या संघाचा केला. संघांची नावं 'रेबल्स', म्हणजे बंडखोर. गोरे पालक म्हणतात, हा आमच्या पूर्वजांचा वारसा. काळे पालक म्हणतात, तुमचे पूर्वज कशासाठी लढले तेही सांगा. वारशाच्या दाव्यात एक खोट आहे: हा झेंडा हरल्यानंतर लगेच सगळीकडे लागला नाही. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हापासून त्याला जोर आला. जॉर्जियाने तो १९५६ मध्ये राज्याच्या झेंड्यात घातला, साउथ कॅरोलिनाने १९६० च्या दशकारंभी विधानभवनावर चढवला. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळी माणसं मारली गेल्यावर, १० जुलै २०१५ ला, तो त्या आवारातून उतरला. मिसिसिपीच्या विद्यापीठाने तर १९९७ मध्ये झेंड्यावर बंदी घालण्याचं टाळून मैदानात काठ्या आणायला बंदी केली. काठी नाही तर झेंडा नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मामलेदाराला ही युक्ती पसंत पडली असती.

मिसिसिपीचा झेंडा आणि उंबरगावचा बावटा, दोघांनाही त्यांच्या माणसांनी 'बंडखोर' म्हटलं. कापडाकडे पाहून फरक कळणार नाही, दोन्हीत लाल भरपूर. फरक दाराचा आहे. झरीहून निघालेला बावटा गुलाम ठेवणाऱ्याच्या वाड्यापुढे गेला. शाळेच्या मैदानावरचा तो झेंडा गुलामांच्या पणतवंडांसमोर नाचवला गेला, आणि त्याच बाकांवर बसून त्यांनी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा होती. पालघरचा तिरंगा १९४२ मध्ये कचेरीच्या दारात होता तेव्हा त्याच्यापुढे बंदूक होती. नानिवलीला बंदूक त्याच्या बाजूने होती. झेंडा एक इंचही बदलला नव्हता, दार बदललं होतं.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेत राष्ट्रध्वजाचा ठराव आला. चरख्याच्या जागी चक्र आलं ते तेव्हा. म्हणजे पालघरच्या पाच जणांनी नेलेला झेंडा आणि आज सरकारी इमारतींवर असतो तो, काटेकोर पाहिलं तर वेगळे. त्या चर्चेत छोटानागपूरचे जयपालसिंग मुंडा बोलायला उठले. मुंडा आदिवासी, ऑक्सफर्डला शिकलेले, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधल्या भारतीय हॉकी संघाचे कप्तान. त्या वेळी संघ ब्रिटिश हिंदुस्थानच्या झेंड्याखाली उतरायचा. आठ वर्षांनी बर्लिनला, १५ ऑगस्ट १९३६ च्या अंतिम सामन्याआधी, ध्यानचंदच्या संघाने कपडे बदलायच्या खोलीत लपवून आणलेल्या काँग्रेसच्या तिरंग्याला सलाम केला आणि मग मैदानात जाऊन जर्मनीला ८-१ ने हरवलं. मैदानावर लावता येत नाही तो झेंडा खोलीत लावायचा, हे तेव्हाच्या खेळाडूंना ठाऊक होतं. जयपालसिंगांनी संविधान सभेत ठरावाला पाठिंबा दिला, पण आधी सुनावलं: झेंडा उभारणं ही सुसंस्कृत लोकांचीच मिरास आहे असं इथल्या बहुतेकांना वाटतं, आदिवासींनी झेंडे आधी उभारले आणि त्यांच्यासाठी आधी लढले. आमच्याकडे गावागावाला आपला झेंडा असतो, दुसऱ्या जमातीने त्याची नक्कल करायची नाही, असंही सांगितलं. नानिवलीला तेव्हा सहा महिने झाले होते. सभेत त्या गावाचं नाव निघालं नाही.

राष्ट्रध्वज झाल्यावर तिरंगा सामान्य माणसाच्या हातून जवळजवळ गेलाच. वर्षातले ठरावीक दिवस सोडले तर आपल्या घरावर किंवा कारखान्यावर तो लावायची मुभा २००२ च्या ध्वजसंहितेपर्यंत नव्हती. त्यासाठी एका कारखानदाराला, नवीन जिंदल यांना, कोर्टात जावं लागलं. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये ध्वज फडकवणं हा नागरिकाचा हक्क मानला. क्रिकेटवाल्यांच्या हेल्मेटवरचा तिरंगा चालेल की नाही यावर सरकारी फायली हलल्या आणि कमरेच्या वरच्या पोशाखावर चालेल असं २००५ मध्ये ठरलं. ज्या कापडासाठी कचेरीपुढे मरावं लागलं, ते लावायला पन्नासहून अधिक वर्षं कचेरीचीच परवानगी लागत होती.

लाल बावट्याचं वेगळं झालं. शामराव परुळेकर १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले, आणि तडीपारीच्या हुकुमातला झेंडा दिल्लीला पोचला. १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरीकडची गावं महाराष्ट्रात राहिली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि पालघरच्या पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ, नानिवली, झरी ही सगळी ठाण्यातून निघून नव्या जिल्हाधिकाऱ्याखाली आली. आजही तारापूर एमआयडीसीत नवी युनियन झाली की पहिलं काम फाटकाबाहेर नामफलक आणि झेंडा लावायचं. मालकाशी पहिली बाचाबाची तिथेच होते, पगाराची बोलणी मागाहून. वाढवणच्या बंदराविरुद्ध किनाऱ्यावरची गावं वर्षानुवर्षं मोर्चे काढत आली. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं भूमिपूजनही झालं. वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी आदिवासी लाल झेंडे घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर येतात, कोळी येतात, कामगार येतात. अर्ज दिला की मोर्चाची परवानगी बहुधा मिळते. मोर्चा कचेरीच्या फाटकापासून किती अंतरावर अडवायचा ते पोलीस ठरवतात.